गणिताचं हस्तलिखित टाइपसेटिंगला कोणाकडे द्यायचं?

प्रश्न: कॅल्क्युलसचं पाठ्यपुस्तक हाताने लिहून झालंय, मजकूर मराठी आणि पानोपानी समीकरणं. टाइपसेटिंगसाठी माणूस कसा निवडू?

उत्तर: आधी गोड बोलण्यावर जाऊ नका, सॅम्पल मागा, आणि तेही तुमच्याच वहीतलं सगळ्यात किचकट पान द्या, म्हणजे मर्यादांसकट इंटिग्रल, मॅट्रिक्स, अपूर्णांकात अपूर्णांक असलं सगळं. आलेलं पान जवळून बघा: चल असलेला एक्स तिरका हवा पण साइन, लॉग सरळ हवेत, आणि वजाचं चिन्ह म्हणून नुसता हायफन टाकला असेल तर तिथेच नमस्कार करा. काम लाटेकमध्ये (LaTeX, गणिती मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर) करणारा मिळाला तर उत्तम. त्याच्या मुळाशी असलेलं टेक हे सॉफ्टवेअर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ च्या सुमारास बनवलं तेच मुळी स्वतःच्या पुस्तकाची प्रूफं बघून वैतागल्यावर! मजकूर मराठी आहे म्हणून झीलाटेक किंवा लुआलाटेक (देवनागरी नीट हाताळणारे लाटेकचे प्रकार) येतं का तेही विचारा, आणि टायपिंग युनिकोडमध्येच (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) हवं, जुन्या फॉन्टात केलेलं नंतर दुसरीकडे उघडलं की सगळा गोंधळ.

दर पानावर ठरवताय की समीकरणांवर, आकृत्या धरून की वेगळ्या, प्रूफाच्या किती फेऱ्या, हे लेखी घ्याच. नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नका हं, मूळ सोर्स फाइल्स तुमच्याकडे आल्याच पाहिजेत, नाहीतर पुढच्या आवृत्तीत एक अधिकचं (+) चिन्ह बदलायलाही त्याच माणसाच्या मागे फिरावं लागेल. समीकरणांचे नंबरही हाताने टाकलेले नकोत, सॉफ्टवेअरलाच टाकू द्या, मध्ये एक वाढलं की पुढचे सगळे संदर्भ चुकतात. शेवटचं प्रूफ मात्र तुम्हीच वाचा.