केटल, मेतकूट आणि रविवारची बंद दुकानं

प्रश्न : आम्ही चौघं (दोन मुलं, सगळे शाकाहारी) मे महिन्यात चार दिवस झुरिक आणि तीन दिवस पॅरिसला जातोय. हॉटेलात नाश्ता नाही. तुपात भाजलेला उपम्याचा रवा, पेढे आणि इलेक्ट्रिक केटल न्यायचं ठरवलंय. खाण्याचा खर्च आणखी कसा आवरता येईल?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी तूप आणि पेढे बॅगेतून काढा. भारतातून दुधाचे पदार्थ स्वतःपुरतेही तिकडे नेता येत नाहीत. पनीरची तयार पाकिटंही त्यातच आली. ताजा कढीपत्ताही नको.

रवा तेलात भाजा. पाव किलो बारीक रव्याला तीन मोठे चमचे तेल, मोहरी-हिंग-उडीद डाळीची फोडणी, मंद आच, दहा-बारा मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका, वाफ धरली की कुबट वास येतो. माणशी 60 ग्रॅम रव्याला 160 मिली उकळतं पाणी. डब्याला झाकण लावून टॉवेलात गुंडाळा, दहा मिनिटांत फुलतो. चौघांच्या सात नाश्त्यांना पावणेदोन किलो रवा होईल, पण रोज उपमा मुलं खाणार नाहीत. निम्माच न्या.

केटलमध्ये फक्त पाणी उकळा. रवा किंवा नूडल्स त्यातच शिजवल्या की पिठूळपणा तळाच्या तापणाऱ्या पत्र्यावर करपतो, पत्रा फाजील तापतो आणि केटल मध्येच बंद पडते. लॅमिंग्टन रोडवर अडॅप्टर घेताना स्विस पिन आहे ना, हे बघून घ्या. झुरिकचं सॉकेट खोलगट आणि तीन गोल भोकांचं असतं. पॅरिसला चालणारी जाड गोल पिन त्यात जात नाही.

रात्री सुपरमार्केटमधलं शिजलेल्या भाताचं पाकीट, घरचं मेतकूट, तिथलं लोणी. मिग्रो आणि कूप या झुरिकमधल्या सुपरमार्केटांत दुकान बंद व्हायच्या सुमारास सॅलड, ब्रेड, सँडविचवर 25 ते 50 टक्के सवलतीचे स्टिकर लागतात. रविवारी मात्र बहुतेक दुकानं बंद. शनिवारीच भरून ठेवा, नाहीतर झुरिकच्या मुख्य स्टेशनातली दुकानं गाठा. पाकिटावर ‘व्हेजिटेरियन’ असलं तरी आत अंडं असू शकतं. अंडं चालत नसेल तर ‘व्हीगन’ शोधा.

पाणी विकत घेऊ नका. झुरिकमध्ये बाराशेवर कारंजी आहेत, ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी नसेल तिथे बाटली भरा. पॅरिसच्या हॉटेलात जेवताना ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं पाणी मागितलं तर बाटली येऊ शकते, तीही बिलासकट.

प्रश्न : हीच केटल जपानला चालेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही. तिथे वीज 100 व्होल्टची. आपली 230 व्होल्टवर 600 वॅटची केटल तिथे जेमतेम 115 वॅटवर येते. पाणी कोमट होतं, खळखळून उकळत नाही. बहुतेक हॉटेलांत खोलीत केटल असतेच.