शत्रूच्या हाती जिवंत सापडणे ही सैनिकासाठी नामुष्की असते का? कैदेत वागणूक कशी मिळते?

नामुष्की अजिबात नसते, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी आधी एक रात्र आघाडीवर काढावी.

मी लष्कराच्या सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, टेलिफोनच्या तारा सांभाळणारा लाइनमन होतो. पाकिस्तानशी झालेल्या युद्धात 3 डिसेंबर 1971 पासून जम्मूतल्या छांबवर तोफांचा मारा सुरू झाला आणि टेलिफोनची तार वारंवार तुटू लागली. अंधारात तुटलेली जागा शोधायची म्हणजे तार डाव्या मुठीतून सरकवत चालायचे आणि मूठ रिकामी झाली की गुडघ्यांवर बसून दुसरे टोक चाचपायचे. 6 तारखेच्या रात्री मी दातांनी वेष्टन सोलून जोड दिला, फोन लावून पाहिला, पण पलीकडून कोणी बोलेना, म्हणून तार धरून पुढे गेलो. मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे माघार घेण्याचा हुकूम त्याच रात्री सुटला होता. तो ज्या तारेने यायचा, तीच माझ्या हातात तुटलेली होती. समोरून दरडावणी ऐकू आली तेव्हा माझ्या एका हातात तार, दुसऱ्यात पक्कड आणि रायफल पाठीवर होती.

जिनिव्हा करारानुसार कैद्याने नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख एवढेच सांगायचे असते. मी 1 जून सांगितली, कारण शाळेत गुरुजींनी तीच लावली होती. माझ्या आधीच्या साताऱ्याच्या जवानानेही तीच सांगितल्यामुळे चौकशी करणाऱ्याला आम्ही थट्टा करतो आहोत असे वाटले आणि त्या तारखेपायी माझा पुढचा दात गेला. पाकिस्तानातल्या लायलपूरच्या (आताचे फैसलाबाद) तुरुंगात मात्र मारहाण झाली नाही, रेडक्रॉसची माणसे येऊन गेली आणि पत्रेही मिळाली.

1 डिसेंबर 1972 रोजी आम्ही सहाशेहून अधिक जण वाघ्याहून परतलो. पंजाब मेलने भुसावळ आणि तेथून पॅसेंजरने अमळनेर गाठून मी गावात पोहोचलो, तर पारावर बसलेल्या थोरल्या चुलत्यांनी सर्वांदेखत विचारले, "हातम्हा बंदूक व्हती ना रे, मंग सापडना कसा?" (मग सापडलास कसा?) ज्यांनी जळगावच्या पलीकडचे जग पाहिले नव्हते, त्यांना पक्कड आणि तार कोणत्या भाषेत समजावायची? मी गप्प राहिलो, आणि पुढे भाऊबंदकीच्या प्रत्येक भांडणात ते वाक्य माझ्यावर फेकले गेले.

माझा अनुभव एका साध्या जवानाचा आहे, हेही सांगितले पाहिजे. वैमानिकांना रावळपिंडीला वेगळे ठेवले होते, त्यांचे हाल निराळे. शिवाय बेपत्ता म्हणून नोंदलेले 54 जण कधी परतलेच नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांसमोर स्वतःला कैदी म्हणवून घ्यायलाही मी कचरतो.

आपल्या ओळखीत असा कोणी असेल, तर चुलत्यांचा प्रश्न त्याला विचारू नये. माझ्या आईने दाताकडे पाहिले, काही बोलली नाही आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापता थापता तिथे भाकर मिळायची का, एवढेच विचारले. मिळत नसे, गव्हाची रोटी आणि पातळ डाळ मिळायची.