कॅनडाला निघताय? आजी-आजोबांचं आधी ठरवा

नमस्कार. पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, हातात आलाय, पुण्याहून टोरंटोला निघालात, लेक साडेतीन वर्षांची, वडील निवृत्त, आईला मधुमेह. आणि तुम्ही विचारताय, की मुलीचं आजी-आजोबांशी नातं टिकेल का आणि तिच्या मराठीचं काय होईल. नोकरी, घरभाडं, थंडी यांवर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी 1979 साली मिरजेहून इथे आलो, आता नातवंडांत रमलोय, तेव्हा माझ्या वाट्याचं तेवढंच सांगतो.

आपल्या लोकांची इथे एक ठरलेली रीत आहे. बाळंतपण आलं की आजीला बोलवायचं. ती डिंकाचे लाडू घेऊन येते, बाळ-बाळंतिणीचं सगळं करते आणि बाळ हसायला लागलं की परत जाते. बाळंतिणीला आराम मिळतो, हे खरं. पण बाळाच्या आठवणीत आजी उरत नाही. मी तर म्हणेन, आजी-आजोबांचा मोठा मुक्काम मूल बोलायला लागतं तेव्हापासून शाळेत रुळेपर्यंतच्या काळात हवा. तुमची लेक नेमकी त्याच वयात आहे.

ऑन्टारियोत, म्हणजे टोरंटोच्या प्रांतात, मूल ज्या वर्षी चार वर्षांचं होतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरात ज्युनियर किंडरगार्टन सुरू होतं, तेही पूर्ण दिवस. सक्ती सहाव्या वर्षापासून, पण सगळेच घालतात. दिवाळी येईस्तोवर तिची भातुकलीसुद्धा इंग्रजीत चालू होईल. त्याने घाबरू नका, मात्र घरात असं कुणीतरी हवं ज्याच्याशी इंग्रजीत बोलून काही मिळत नाही. आई-बाप दमलेले असतात, ते इंग्रजीला इंग्रजीतच उत्तर देऊन मोकळे होतात. आजी मात्र ‘काय हवंय ते नीट सांग’ म्हणून बसून राहते. शनिवारची मराठी शाळा चांगलीच, पण ती या बसून राहण्याची जागा घेत नाही. 25 मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली तर सरकारी शाळामंडळाला त्या भाषेचा वर्ग काढावा लागतो, हेही आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असतं.

आता कागदपत्रं. आई-वडिलांना कायमचं आणायच्या योजनेवर बसू नका. तिथे 2020 साली नाव नोंदवलेल्यांमधूनच पुढे कित्येक वर्षं चिठ्ठ्या निघत राहिल्या. सुपर व्हिसा बघा, म्हणजे आई-वडिलांना लांब मुक्कामासाठी मिळणारा भेटीचा व्हिसा. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी तुमचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर लागतं आणि त्यांचा निदान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. सरकारी आरोग्यसेवा त्यांना मिळत नाही. आईचा मधुमेह विम्याच्या अर्जात लपवू नका. आधीपासूनच्या दुखण्यासाठी संरक्षण कोणत्या अटीवर आहे, गोळ्या बदलल्या तर काय, हे कलम स्वतः वाचा. हप्ता वाचवायला केलेली काटकसर इथे एका इस्पितळाच्या बिलात वसूल होते.

आणि आल्यावर त्यांना घरात कोंडू नका. उन्हाळ्यात सगळं छान असतं, जानेवारीत मात्र बर्फावरून पाय घसरेल म्हणून वडील खिडकीशी बसून राहतात आणि महिनाभरात तिकिटाच्या तारखा विचारू लागतात. वडिलांना घराची स्वतःची किल्ली द्या, बस-ट्रेनच्या भाड्याचं प्रेस्टो कार्ड द्या, एकदा बसने लायब्ररीपर्यंत सोबत जा. थंडीत इथले म्हातारे मॉलमध्ये फेऱ्या मारतात, दुकानं उघडायच्या आधीच. त्यांना त्यात सामील करून द्या. घर घेताना मी तरी अंगणाआधी बसस्टॉप बघेन.

ती दोघं पुण्यात असतील तेव्हा व्हिडिओ कॉल आहेच. तुमच्या सकाळी आठला तिथे उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा वाजतात. आमच्या वेळी आम्ही निळ्या एरोग्राम पत्रांवर भागवलं, कधी कॅसेटवर बोलून ती टपालात टाकली. पण कॉलवर ‘आजोबांना नमस्कार कर, गाणं म्हणून दाखव’ एवढंच झालं तर पोर आठवड्याभरात कंटाळते. वडिलांना सांगा, स्वतःच्या लहानपणचं काहीतरी सांगा, उपदेश नको. माझी नात हॅलोविनचा भोपळा कोरत होती, तेव्हा मी तिला मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीतले वाळत टाकलेले भोपळे सांगितले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे. तिने पहिलं काय विचारावं? ‘मग आतला गर कोण खायचं?’ म्हटलं, कुणीच नाही, तो कडू असतो. त्यावर तिने माझी उलटतपासणीच घेतली. कोयनेचा भूकंपही तिचा लाडका. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, त्यानंतर आम्ही थंडीत अंगणात झोपायचो, हे तिला वरचेवर ऐकायचं असतं. एकदा मी त्यात गाय घातली, तर म्हणाली, ‘गाय मागच्या वेळी नव्हती.’

मुलांचे प्रसंग सगळेच जपतात. बारसं, पहिला वाढदिवस, मुंज नाताळच्या सुट्टीत पुण्याला. मोठ्यांचे मात्र राहून जातात. वडिलांची पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन या तारखा आजच मांडून ठेवा आणि रजा व तिकिटाचे पैसे त्या हिशेबाने बाजूला टाका. तेव्हा लेकीची शाळा बुडाली तर बुडू द्या. माझी आई गेली तेव्हा मी दहाव्याला पोचलो. लांब राहिलं की हे व्हायचंच, त्याचा तुम्ही आत्तापासून घोर लावून घेऊ नका. पण पंच्याहत्तरीची तारीख आधी माहीत असते.

निघायच्या आधी एक करा. आईच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह लिहून घ्या. भारतातली ब्रँडची नावं इथला फार्मासिस्ट ओळखत नाही. आणि लेकीची जन्मतारीख कळवा, म्हणजे तिची शाळा कोणत्या सप्टेंबरात सुरू होईल आणि आजीने कधी यावं, ते सांगतो.