शंका-समाधान : छोट्या रिव्हॉल्व्हरची नळी केवढी, बोअर कोणता?

प्रश्न : सावंतवाडी तालुक्यात माझा काजूप्रक्रियेचा धंदा आहे. हंगामात रोकड घेऊन आडरस्त्याने ये-जा करावी लागते. जिल्हाधिकारी कार्यालयातून बिगरप्रतिबंधित बोअरच्या हँडगनचा परवाना नुकताच झाला. अंगावर बाळगता येईल असं रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. कुणी दोन इंची नळी म्हणतं, कुणी चार इंची. बोअरचंही तसंच, .२२ की .३२? एका निवृत्त फौजदारांनी तर .३८च घ्या म्हणून सांगितलं. काय घ्यावं? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : आधी .३८ बाजूला ठेवू. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, हे आकडे इंचांतले. .३८ बोअर, तसाच ९ मिमी, आपल्याकडे प्रतिबंधितात मोडतो. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो केंद्रीय गृहखात्याचा विषय. फौजदारसाहेबांनी नोकरीत जे वापरलं ते सांगितलं, पण तुमच्या परवान्यावर ते चढणार नाही. .३५७ मॅग्नम बिगरप्रतिबंधित आहे, पण १९८०च्या दशकाच्या मध्यापासून व्यापारी आयात बंद असल्याने जुनी शस्त्रंच हातोहात फिरतात. त्यांच्या किमती भलत्याच चढ्या आणि काडतुसं मिळवताना दमछाक. उरले .२२ आणि .३२.

.२२चं ‘निडर’ रिव्हॉल्व्हर जेमतेम पाव किलोचं आहे. खिशात आहे हे विसरायला होईल इतकं हलकं. पण .२२ चं काडतूस रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. तो कडेला कुठे कमी बसला तर घोडा पडूनही बार होत नाही. मधोमध पेटवणारी टोपी असलेल्या काडतुसात हे फारच क्वचित घडतं. शिवाय हे काडतूस मुळात रायफलच्या लांब नळीसाठी जमवलेलं. तिथे ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास जाते, दीड-दोन इंची नळीतून ती ९०० च्या आतबाहेर येते. स्वसंरक्षणासाठी आम्ही ते सुचवत नाही. मनगट अगदीच कमजोर असेल किंवा वजन अजिबात सोसत नसेल, तर मात्र नसण्यापेक्षा बरं.

.३२ म्हणजे रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ९८ ग्रेनची शिशाची गोळी, वेग सेकंदाला ७०० फुटांच्या जवळपास. आजच्या हिशेबाने हे मवाळ काडतूस आहे, पण हिसका कमी असल्याने दुसरी गोळीही नेमावर जाते. आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं परवानाधारक दुकानात मिळतात. आमच्या मते बोअर निवडताना हाच मुद्दा पहिला धरावा. ज्याची काडतुसं सरावापुरतीही मिळत नाहीत, ते शस्त्र कपाटातच राहतं. परवान्यावर एकावेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं, हे लिहिलेलं असतं. त्यातली काही दरवर्षी रेंजवर उडवा आणि तेवढी ताजी घ्या.

खरेदीत एक घोळ हमखास होतो. ‘बत्तीसची काडतुसं द्या’ एवढंच सांगू नका. ‘अशनी’ पिस्तुलाचंही .३२च, पण ते ७.६५ × १७ मिमी. तुमचं ७.६५ × २३ मिमी. पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधल्या (काडतुसं ठेवायच्या फिरत्या भागातल्या) घरात जाऊन बसतं, म्हणून चालतं असं वाटतं. त्याची कड निराळी, दाबही जास्त. खोक्यावरचे आकडे वाचूनच पैसे द्या.

आता नळी. रिव्हॉल्व्हरच्या नळीची लांबी सिलिंडर सोडून मोजतात, पिस्तुलाची काडतुसाच्या घरासकट. त्यामुळे तीन इंची रिव्हॉल्व्हर तीन इंची पिस्तुलापेक्षा हातात बरंच लांब लागतं. इंचभर कमी-जास्त झाल्याने .३२च्या वेगात मोटामोटी २० ते ४० फुटांचा फरक पडतो, त्यासाठी डोकं शिणवू नका. खरा फरक नेमात पडतो. पुढची साइट आणि मागची खाच यांत दोन इंची नळीवर साधारण १०० मिमी अंतर राहतं, तीन इंचीवर १२५, चार इंचीवर १५०. पुढची साइट खाचेत अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी १० मीटरवर गोळी अनुक्रमे ५, ४ आणि सव्वातीन सेंटिमीटर सरकते. घाबरलेल्या हाताची चूक अर्ध्या मिलिमीटरवर थांबत नाही.

दोन इंचीची आणखी एक अडचण दुकानात कुणी दाखवत नाही. सिलिंडर बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या ढकलणारी दांडी नळीखाली लपलेली असते. नळी आखूड, की दांडीही आखूड. मग २३ मिमीची पुंगळी पूर्ण बाहेर न पडता अर्ध्यावर लोंबते. तोंड वर करून तळव्याने दांडीवर फटका मारावा लागतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या जुन्या, वरून मोडणाऱ्या .३२ला हा त्रास नाही, कारण कडी दाबून नळी खाली मोडली की सगळ्या पुंगळ्या आपोआप उचलल्या जातात. त्यात मात्र कडी आणि बिजागरी झिजतात. बंद करून नळी व मूठ धरून हलवा, खुळखुळ जाणवली तर ते नग घेऊ नका.

चार इंची रेंजवर सगळ्यांत सुखाची. पण कोकणच्या उकाड्यात पातळ सदरा आणि स्कूटरवर बसणं, यात ती बरगडीला टोचते आणि सदऱ्याखालून उठून दिसते. म्हणून तुम्हाला तीन इंची .३२च घ्या म्हणू. २०२३ मध्ये आलेलं कानपूरचं ‘प्रबळ’ ७६ मिमी नळीचं, बाजूला उघडणारं, रिकामं ६७५ ग्रॅम. २०१४चं ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचं, सव्वापाचशे ग्रॅमच्या घरात. तीच गोळी हलक्या शस्त्रातून मारली की हिसका जवळजवळ सव्वापट. .३२मध्ये तो सोसतो, म्हणून दिवसभर अंगावर वागवायचं असेल तर निर्भीक, सराव जास्त करणार असाल तर प्रबळ.

नग निवडताना रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. दुकानदाराला विचारून घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढा. तो पूर्ण चढण्याआधी सिलिंडर ‘टक्’ करून जागी बसला पाहिजे, आणि हे प्रत्येक घराला तपासायचं, एका घराला नव्हे. एक जरी घर मागे राहिलं तर गोळी नळीच्या कडेला घासून शिसं बाजूला उडतं. सिलिंडर आणि नळी यांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१० ते ०.२० मिमी ठीक, ०.३० दिसली तर परत द्या. त्याच फटीतून तप्त वायू बाहेर येतो, म्हणून डाव्या हाताचं बोट तिच्या शेजारी कधीही ठेवू नका.

आणि परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते पाहा. ते महाराष्ट्रापुरतं असेल तर माल पोचवायला पत्रादेवी ओलांडून गोव्यात जाताना शस्त्र घरी कुलपात.

प्रश्न : रानडुक्कर आणि माकडं भाताचं, केळीचं वाटोळं करतात. त्यासाठी .३२ रिव्हॉल्व्हर चालेल का? (शेतकरी, राजापूर)

उत्तर : नाही. डुकराला ते जखमी करून पिसाळवेल, एवढंच. शेतीसंरक्षणाचा परवाना वेगळा, त्यावर बंदूक मिळते, आणि ती असली तरी प्राणी मारायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वनखात्याची परवानगी लागते. ती आधी विचारा.

प्रश्न : घर समुद्राला लागून. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात कपाटात ठेवतो, खोबरेल लावतो, तरी पावसाळ्यानंतर तांबेरा दिसतो. काडतुसांवरही हिरवट थर आलाय. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : दोन्ही दोष तुमच्या ठेवण्यात आहेत. चामडं दमट हवा शोषून धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पितळेला खातात, हिरवा थर त्याचाच. म्यान फक्त बाहेर जाताना. खोबरेल तर हत्याराला लावूच नका. कालांतराने ते चिकट होतं, आणि २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरच्या पहाटे घोडा जड लागला तर कारण तेच.

सगळं खोबरेल केरोसिनने धुऊन काढा, पुसा, नळीतून पितळी ब्रश सहा-सात वेळा फिरवा, सुती चिंधी स्वच्छ निघेपर्यंत ओढा. मग बंदुकीच्या पातळ तेलाचा हात, पुसल्यावर बोटाला नुसता ओशटपणा लागेल इतकाच. सिलिंडरची घरं कोरडी ठेवा. तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं की ते फुसकं निघतं, म्हणून काडतुसांना तेल अजिबात नको. हिरवी झालेली काडतुसं घासून वापरू नका, दुकानदाराकडे जमा करा.

ठेवायला रबरी कडेचा हवाबंद डबा, आत २०० ग्रॅम निळी सिलिका जेल, आणि तो डबा कुलुपाच्या कपाटात. दाणे गुलाबी झाले की १२० अंशांवर दोन तास तापवा, परत निळे होतात. मात्र ज्या ओव्हनमध्ये स्वयंपाक होतो त्यात नको. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला, एरवी महिन्याने डबा उघडून पाहा. टायटॅनियमचं शस्त्र असलं तरी सुटका नाही, नळी, पिना आणि स्प्रिंगा पोलादाच्याच.

निवडणुकीत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं, तर तेलाचा हात जरा सढळ द्या, म्यानाशिवाय प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून द्या, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक परवान्याशी ताडून घ्या. परत आल्यावर पहिलं काम, रिकामं असल्याची खात्री करून नळीत बॅटरी मारून पाहणं.