एआयच्या क्लिनिकल ट्रायलवरचा शोधनिबंध वाचताना नेमकं काय तपासायचं?

तुम्ही विचारलंय की ‘अचूकता ९५ टक्के’ असं छापलेलं असलं की त्यावर किती भरवसा ठेवायचा. तो आकडा आधी बाजूला ठेवा आणि त्यात कोणाला धरलेलंच नाही ते शोधा.

थायलंडच्या दवाखान्यांत गूगलची डोळ्याचा पडदा तपासणारी प्रणाली वापरली, तेव्हा १,८३८ फोटोंपैकी सुमारे २१ टक्के फोटो तिने दर्जा कमी म्हणून नाकारले (अहवाल २०२० चा, ही रँडमाइज्ड, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडणारी, ट्रायल नव्हती). अशा रुग्णांना हिशेबातून वगळलं की अचूकता आपोआप वाढते. म्हणून खराब किंवा न मिळालेल्या डेटाचं काय केलं, हे निबंधात स्पष्ट हवं.

यासाठी २०२० मध्ये ‘कन्सॉर्ट-एआय’ आलं, म्हणजे एआयच्या ट्रायलच्या निबंधात काय काय लिहायचं याची मार्गदर्शक यादी. ट्रायलच्या नेहमीच्या यादीत त्याने १४ मुद्दे वाढवले. प्रोटोकॉलसाठी, म्हणजे ट्रायलच्या आधी लिहिलेल्या आराखड्यासाठी, वेगळं ‘स्पिरिट-एआय’ आहे. पण २०२२ च्या एका आढाव्यात मशीन लर्निंगच्या ४१ रँडमाइज्ड ट्रायल तपासल्या, तर एकीनेही सगळे मुद्दे पाळले नव्हते. ३८ ट्रायलमध्ये खराब डेटाबद्दल अवाक्षर नाही, आणि मॉडेल कुठे चुकलं याचं विश्लेषणही तितक्याच ट्रायलमध्ये गायब!

हे दुसरं मला जास्त खटकतं, कारण सरासरीत चुका लपतात. ढाक्यात छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोग ओळखणारी पाच सॉफ्टवेअर तपासली, त्यात मुंबईच्या क्युअर.एआयचं क्यूएक्सआरही होतं. साठीपुढच्या आणि आधी क्षयरोग होऊन गेलेल्या लोकांत त्यांची कामगिरी घसरली. आपल्याकडे असे रुग्ण रोजचेच, तेव्हा गटवार आकडे नसलेला निबंध इथे फारसा कामाचा नाही.

मग व्हर्जन. ट्रायल एका व्हर्जनवर आणि विक्री दुसऱ्याची, असं असेल तर निकाल त्या दुसऱ्याला लागू होतोच असं नाही.

मॉडेलच्या उत्तराचं डॉक्टरांनी काय केलं, हेही हवं. ‘एआयची मदत घेतली’ एवढ्याने काही कळत नाही. स्वीडनच्या ‘मासाई’ मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) ट्रायलमध्ये हे छान लिहिलंय: एआय प्रणाली ट्रान्सपारा १.७.०, तिने दिलेले जोखमीचे गुण १ ते ९ आले तर फोटो वाचायला एक रेडिओलॉजिस्ट, १० आले तर दोन, तुलना नेहमीच्या दोघांच्या वाचनाशी. त्यामुळे वाचनाचं काम ४४.३ टक्क्यांनी कमी झालं म्हणजे नेमकं कशामुळे, ते समजतं.

शेवटी निष्पत्ती, म्हणजे ट्रायलने नेमका कोणता परिणाम मोजला, ते बघा. चीनमधल्या चेंगदूच्या २०१९ च्या कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) ट्रायलमध्ये अ‍ॅडिनोमा (पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ) सापडण्याचं प्रमाण एआयच्या मदतीने २०.३ वरून २९.१ टक्क्यांवर गेलं, पण वाढ मुख्यतः अगदी बारीक गाठींची होती; मोठ्यांत ठळक फरक नव्हता.

भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआयच्या (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मूळ प्राथमिक निष्पत्ती आणि रुग्णसंख्या निबंधाशी ताडून बघा. नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेतल्यानंतरची असेल, तर निष्पत्ती निकाल बघून ठरवली नाही याची खात्री कशी देणार, हे लेखकांना ईमेलने विचारायला हरकत नाही.