उमेदवारी न करता मिळालेली उमेदवारी

नागपूरचे एक वाचक दिवाळी अंकासाठी अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीवर लेख लिहीत आहेत. त्यातलं एक वाक्य त्यांना खटकतंय: ‘अमेरिकेच्या राष्ट्रपतीपदाचे वादग्रस्त नामांकित उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर क्लीव्हलंडमध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकमत झाले, मतदारांत मात्र दुफळी पडली.’ (क्लीव्हलंड हे ओहायो राज्यातलं शहर; उमेदवार ठरवणारं रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन जुलै २०१६ मध्ये तिथे भरलं होतं.) या वाक्यात ‘एकमत’ बरोबर की ‘एकजूट’, एवढंच त्यांनी विचारलंय.

एकजूट. का ते सांगते, पण आधी त्या ‘नामांकित’चा बंदोबस्त करू द्या. तो शब्द वाचला आणि हातातला चहा कडू झाला.

नामांकित म्हणजे नावाजलेला. नामांकित वैद्य, नामांकित पैलवान, नामांकित शाळा. हिंदीतलं ‘नामांकन’ आधी विदर्भातल्या बातम्यांत मुक्कामाला आलं, मग वाहिन्यांच्या खालच्या पट्टीवर सगळ्या महाराष्ट्रात फिरलं, आणि मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की नामांकन झालेला तो नामांकित. याच हिशेबाने अनामत जप्त होणारे सगळेच नामांकित ठरतील. ट्रम्प आधीच प्रसिद्ध, त्यामुळे तुमच्या वाक्यातली चूक चटकन दिसत नाही, एवढंच.

मुळात अंकित म्हणजे छाप उमटवलेलं. सुंदरकांडात हनुमान सीतेला अंगठी दाखवतो ती ‘रामनामाङ्कितं’, म्हणजे रामाचं नाव कोरलेली. या जुन्या अर्थाने ट्रम्प यांच्या इमारती खऱ्या नामांकित. पुण्यात कल्याणीनगरला आहेत, मुंबईत वरळीला आहे. नाव त्यांचं, बांधकाम दुसऱ्याचं.

‘वादग्रस्त’ राहू द्या. तसा तो पंचांगातल्या ग्रस्तोदित चंद्राचा भाऊबंद, ग्रस्त म्हणजे गिळलेला. ट्रम्प यांना वादाने गिळलं की त्यांनीच वाद गिळून अंगी लावून घेतला हे तुम्ही ठरवा. ‘राष्ट्रपती’ मात्र बदला. राष्ट्रपती आपले, अमेरिकेचे अध्यक्ष.

आता उमेदवार. या शब्दावर माझा फार जीव आहे.

उमेद फारसी, अर्थ आशा. हिंदीतली उम्मीद तीच. ‘वार’ लागला की ती बाळगणारा. म्हणजे उमेदवार हा आशेवर असलेला माणूस. मराठीत आल्यावर उमेद जरा सरकली. आपली उमेद खचते, आपण उमेद धरतो, माणूस ऐन उमेदीत असतो. आशा मागे राहिली आणि हिंमत पुढे आली. उमेदवार मात्र जिथे होता तिथेच बसून राहिला. साहेबाच्या कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करायची आणि कुणी कारकून निवृत्त होतो का, बदलून जातो का, गचकतो का, यावर डोळा ठेवायचा. हे करणारा तो उमेदवार, आणि त्याचं ते राबणं म्हणजे उमेदवारी.

मी स्वतः एका छापखान्यात सहा महिने उमेदवारी केली आहे. पगार नाही, दुपारचा चहा मालकाचा. छापून झालेल्या पानाचे खिळे सुटे करायचे आणि ज्याचे त्याच्या खणात टाकायचे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. पहिल्या आठवड्यात मी ‘प’ आणि ‘ष’ची इतकी सरमिसळ केली की एका लग्नपत्रिकेत ‘कृपाशीर्वाद’ऐवजी भलतंच जुळलं. सहाव्या महिन्यात म्हातारे जुळारी म्हणाले, ‘पोरी, आज चार ओळी तू जुळव.’ त्या दिवशी माझी उमेदवारी संपली.

हा अर्थ काही मेलेला नाही. १९६१ चा कायदा आहे तो शिकाऊ उमेदवारांचाच. एसटीच्या आगारात, आयटीआयच्या फलकावर ‘शिकाऊ उमेदवार पाहिजेत’ असं आजही झळकतं. शब्द एकच, क्रियापद तेवढं बदलतं. शिकण्यासाठी उमेदवारी करतात, निवडणुकीसाठी उमेदवारी मिळते.

आणि आता ट्रम्प पाहा. २०१६ च्या आधी ते कुठल्याही निवडणुकीने कुठल्याही पदावर गेले नव्हते, कुठलं सरकारी पद सांभाळलं नव्हतं, सैन्यात नव्हते. यातलं काहीही न करता अध्यक्षपदी पोचलेला माणूस अमेरिकेत तोवर झालाच नव्हता. म्हणजे या गृहस्थांनी उमेदवारी केलीच नाही आणि उमेदवारी मिळवली! बरं, त्यांना घराघरात पोचवलं कशाने? २००४ साली एनबीसीवर सुरू झालेल्या ‘द अप्रेंटिस’ने. मराठीत चोख नाव सांगायचं तर ‘शिकाऊ उमेदवार’. २००४ साली जो माणूस टीव्हीवर दर आठवड्याला एका उमेदवाराला घरी पाठवत होता, त्याने २०१६ साली पक्षातल्या सोळा जणांना घरी पाठवलं आणि स्वतः उमेदवार झाला. इंग्रजीत ही गंमत दिसतच नाही, कारण तिथे कँडिडेट आणि अप्रेंटिस यांची कधी गाठ पडत नाही. कँडिडेटचं मूळ कपड्यात. रोममध्ये पद मागणारे खडूने पांढरा केलेला झगा घालून हिंडत, आणि लॅटिनमध्ये कांदिदुस म्हणजे शुभ्र. पांढऱ्या कपड्यांवाचून आपल्याकडेही कुणाचं अडलेलं नाही, पण आपण नाव आशेवरून ठेवलं, झग्यावरून नाही.

एका परिसंवादात एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘उमेदवार’ परका म्हणून ‘प्रत्याशी’ घ्यावा असा आग्रह धरला होता. प्रत्याशीतही आशाच आहे. फारसी आशा काढायची, संस्कृत आशा बसवायची, आणि तीही हिंदीच्या दुकानातून उधार आणायची! मी विचारलं, मग आयटीआयच्या फलकावर ‘शिकाऊ प्रत्याशी’ लिहायचं का? म्हणाले, विषयांतर होतंय. मुळीच होत नव्हतं.

पक्षाने ठरवलेला उमेदवार इतरांपासून वेगळा दाखवायचा असेल तर ‘अधिकृत उमेदवार’ म्हणा. आपल्याकडे हा शब्दप्रयोग चांगला तावूनसुलाखून निघालाय. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. बंगळूरच्या बैठकीत त्यांच्या बाजूने असणाऱ्यांत आपले यशवंतराव चव्हाणही होते. मग इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असं सांगितलं, आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तेव्हापासून कुणी ‘अधिकृत’ असा जोर देऊन म्हटलं की आपण आपोआप बंडखोर कोण ते शोधायला लागतो.

सदसद्विवेकबुद्धी क्लीव्हलंडमध्येही आली होती. २० जुलै २०१६ ला ट्रम्प यांचे हरलेले प्रतिस्पर्धी टेड क्रूझ व्यासपीठावर आले, ट्रम्प यांचं अभिनंदन केलं, आणि त्यांना मत द्या असं न म्हणता सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हणाले. सभागृहात हुर्यो उडाली. आमच्या कोकणातल्या कुणी भाषांतर केलं असतं तर ‘मनाला कौल लावा’ म्हटलं असतं, आणि ते जास्त चांगलं झालं असतं. आता क्रूझ यांना काय म्हणाल? मराठी वार्ताहराकडे यासाठी शब्दांची उतरंडच आहे. आधी इच्छुक (तिथे सतरा होते, आपल्या भाषेत भाऊगर्दी), त्यातून एक अधिकृत, उरलेले नाराज, नाराजांची मनधरणी, आणि ती फसली तर बंडखोर. बंडखोर व्हायला वेगळा अर्ज भरावा लागतो. क्रूझ यांनी तो भरला नाही, म्हणजे ते नाराज. सप्टेंबरात त्यांनी ट्रम्पनाच मत देणार असं जाहीर केलं. सतरांतलेच, ओहायोचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन केसिक त्यांच्याहून पक्के नाराज. अधिवेशन त्यांच्याच राज्यात, तरी सभागृहाची पायरी चढले नाहीत.

तेवढं ‘तिकीट’ मात्र त्यात घालू नका. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी देतात आणि श्रेष्ठीच कापतात. अमेरिकेत राज्याराज्यात पक्षाचे मतदारच आधी मतदान करतात, त्यामुळे श्रेष्ठींना ट्रम्प नकोसे होते तरी कापायला हातात काही नव्हतं. शिवाय तिथलं तिकीट म्हणजे पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची यादी. एकोणिसाव्या शतकात पक्ष स्वतःच ती छापून मतदाराच्या हातात देत. आपलं तिकीट एसटीचं, एका माणसाचं, आणि बसायला जागा मिळेलच असं नाही.

तर एकजूट. एकमत ‘होतं’, एकजूट ‘करावी’ लागते, नाहीतर निदान ‘दाखवावी’ लागते. क्रियापदांनीच निकाल दिलाय. पण मला ‘जूट’मध्ये रस आहे. ‘जुटणे’ म्हणजे एकत्र येणे, त्यावरून जूट, असं सांगून कोशवाले हात झटकतात. माझं म्हणणं असं की आपल्या कानात शंकराचा जटाजूट घुमत असल्याशिवाय हा शब्द इतका रुळला नसता. संस्कृतात जूट म्हणजे गुंडाळून बांधलेल्या जटांचा भारा. त्यात केस एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येक केस वेगळाच राहतो, उलट्या दिशेलाही वळलेला असतो, पण गाठ एकच. गाठ सुटली की प्रत्येक बट आपल्या वाटेने. या व्युत्पत्तीवर दोन विद्वान मित्र माझ्यावर हसले. त्यातल्या एकाने ‘एकजूट’चा संबंध तागाशी जोडला होता, तेव्हा त्याच्या हसण्याचं मी काही मनावर घेतलं नाही. आणि नाही, ट्रम्प यांच्या केसांवर मी विनोद करणार नाही.

क्लीव्हलंडच्या अधिवेशनात हा जटाजूट बांधताना सगळ्यांनी पाहिला. पहिल्याच दिवशी, १८ जुलैला, ट्रम्पविरोधकांनी नियमांवर राज्यवार मतमोजणी मागितली. अध्यक्षस्थानी असलेल्या स्टीव्ह वोमॅक यांनी आवाजी मतदान घेतलं. होयवाल्यांचा गलका, नाहीवाल्यांचा गलका, दोन्ही सारखेच, आणि वोमॅक यांच्या कानाला होय जास्त ऐकू आलं. कोलोरॅडोचे प्रतिनिधी उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी एकेका राज्याची मतं पुकारली गेली. राजधानी वॉशिंग्टनच्या प्रतिनिधींनी दहा मतं आणखी एक इच्छुक मार्को रुबिओंना आणि नऊ केसिकना पुकारली. व्यासपीठावरून नियमावर बोट ठेवून नोंद झाली, एकोणीसच्या एकोणीस ट्रम्पना. या प्रकाराला तुम्ही एकमत म्हणत होता! एकूण २४७२ पैकी ट्रम्प यांच्या नावावर १७२५ मतं लागली, लागत होती १२३७. हे स्पष्ट बहुमत आहे. एकमताला २४७२ लागतात.

दुफळीबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगते. दु म्हणजे दोन, फळी म्हणजे रांग, बाजू. बिनीची फळी, दुसऱ्या फळीतले नेते, त्यातली. म्हणून ‘दुफळी होऊन तीन गट पडले’ असं मी अलीकडेच ऐकलं तेव्हा बातमीदाराला बोटं मोजून दाखवावीशी वाटली. शिवाय पडते ती फूट. दुफळी माजते. मतदारांचं म्हणाल, तर पक्षांतर्गत फेऱ्यांत ट्रम्पना १ कोटी ४० लाखांच्या आसपास मतं मिळाली, म्हणजे सुमारे ४५ टक्के. निम्म्याहून जास्त लोक दुसऱ्यांकडे, आणि तेही एकाकडे नाही. ती दुफळीसुद्धा नव्हे, पांगापांग. नोव्हेंबरात मात्र स्वतःला रिपब्लिकन म्हणवणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जणांनी त्यांनाच मत दिलं. गावजेवणाला न येण्याची शपथ घेतलेले पाहुणे पहिल्या पंगतीला बसलेले दिसावेत, तसं. देशभरात डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना जास्त मतं पडूनही अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात ट्रम्प ३०४ विरुद्ध २२७ ने जिंकले, त्याला या पंगतीचा आधार होता.

तुमचं वाक्य असं करा: ‘अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे वादग्रस्त अधिकृत उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांच्यामागे रिपब्लिकन पक्षाने क्लीव्हलंडमध्ये एकजूट दाखवली, एकमत झाले नव्हते.’ मतदारांसाठी वेगळं वाक्य लिहा, जुलै आणि नोव्हेंबर एका वाक्यात कोंबू नका. आणि दुफळी ठेवायचीच असेल, तर तिला माजू द्या, पाडू नका.