एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपवर दिसत नाही, दुसरीकडे लावली तर 'फॉरमॅट करा' म्हणते. आतले फोटो परत मिळतील का?

सगळ्यात आधी, ती फॉरमॅटची चौकट अजून स्क्रीनवर असेल तर 'कॅन्सल' दाबा. डिस्क काढून बाजूला ठेवा आणि हे उत्तर पूर्ण वाचून झाल्यावरच पुन्हा लावा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. २ टीबीची पोर्टेबल डिस्क आहे, ५ वर्षं वापरात आहे. लॅपटॉपला लावली की दिवा लुकलुकतो, 'टुंग' असा आवाजही येतो, पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह येत नाही. मेहुण्यांच्या लॅपटॉपला लावल्यावर मात्र 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा' असा मेसेज आला. आत १२ वर्षांचे घरचे फोटो आहेत आणि त्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही.

मी मिरजेत २००८ पासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. डिस्क घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: डिस्क पाहिजे की डेटा? दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. डिस्क चालू करायची असेल तर ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका, फॉरमॅट मारा, काहीही करा. डेटा पाहिजे असेल तर त्या डिस्कवर एक अक्षरही नवीन लिहिलं जाता कामा नये. नेटवर सापडणारे बहुतेक उपाय पहिल्या रस्त्याचे असतात, आणि फोटोंसाठी जीव कासावीस झालेली माणसं घाईघाईत तेच करून बसतात. तुमचा रस्ता दुसरा आहे, म्हणून पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहितो.

त्या 'टुंग' आवाजावर विसंबू नका. बाहेरच्या केसिंगमध्ये बहुतेक वेळा दोन वस्तू असतात: एक खरी डिस्क, आणि दुसरं तिचं बोलणं यूएसबीला कळेल असं करून देणारं छोटं कार्ड. आवाज आणि दिवा हे त्या कार्डाचे. कार्ड जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. डिस्क फिरतेय का, वाचली जातेय का, ते कळत नाही. पण फॉरमॅटची चौकट आली ही गोष्ट मला आशेची वाटते. ती चौकट यायची तर विंडोजला आधी डिस्क आणि तिच्यावरचं पार्टिशन (डेटासाठी आखलेला भाग) दिसावं लागतं. म्हणजे मेहुण्यांच्या लॅपटॉपवर तुमची डिस्क फिरली आणि थोडंफार बोललीसुद्धा.

मग तुमच्याच लॅपटॉपवर का नाही? माझा पहिला संशय करंटवर. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर करंट द्यावा असा नियम आहे, यूएसबी ३.० च्या पोर्टने ९००. अडीच इंची डिस्क एकदा फिरायला लागली की तिला फारसा करंट लागत नाही, पण सुरुवातीला मोटर थांबलेल्या अवस्थेतून उचलताना क्षणभर बराच जास्त लागतो. पोर्ट जुनं असेल, मध्ये हब असेल किंवा केबलमधली एखादी तार तुटत आली असेल, तर दिवा लागतो, कार्ड जागं होतं, पण मोटर उठत नाही. डिस्क पुन्हापुन्हा उठायचा प्रयत्न करते आणि बसते.

म्हणून पहिलं काम केबलचं. पोर्टेबल डिस्कला जी रुंद, मधोमध खाच असलेली मायक्रो-बी पिन येते, ती फार नाजूक असते. दुकानात मी ती भिंगाखाली धरतो. बऱ्याचदा पिनेचं पत्र्याचं तोंड किंचित पसरलेलं असतं, किंवा डिस्कच्या बाजूचं सॉकेट बोर्डावरून उचललेलं असतं, कारण डिस्क लॅपटॉपवरून केबलला लटकत राहिलेली असते. कोकणातून आलेल्या डिस्कांच्या सॉकेटमध्ये दमट हवेने हिरवट थर धरलेलाही मी पाहिलाय. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तुम्हीही बघा. पिन घातल्यावर जास्त हलतेय का? केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा स्थिर राहतो का? तसं असेल तर दुसरी केबल मिळेपर्यंत थांबा. शेजाऱ्यांकडून त्याच प्रकारची केबल मागून आणा, पण आखूड आणा. लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं. तुमची डिस्क टाइप-सी असेल तर मोबाइल चार्जरची केबल वापरू नका. त्यातल्या काहींत डेटाच्या तारा नसतातच. डेस्कटॉपवर तपासत असाल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला नको, मागे थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टला लावा. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाची डिस्क मोठी, साडेतीन इंची, वेगळा अडॉप्टर लागणारी असेल तर तो अडॉप्टर तपासून घ्या. तिला १२ व्होल्ट लागतात, आणि दिवा लागत असूनही अडॉप्टर लोड घेत नाही असं पुष्कळदा होतं.

आता ऐकायचं. माझ्या मते सगळ्या तपासणीत ही पायरी सगळ्यात मोलाची आहे आणि लोक तीच गाळतात. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, केबल लावा आणि डिस्कला हात न लावता कान जवळ न्या. चांगली डिस्क आधी हलकासा 'सुंईं' आवाज करत वेग घेते, मग एक-दोन बारीक खुटखुट होतात आणि मग एकसारखी मंद घरघर चालू राहते. तुम्हाला हे ऐकू आलं तर पुढे जा. पण ठराविक अंतराने टक्... टक्... टक् असा आवाज येत असेल, तर आतलं हेड (फिरत्या प्लेटवरचा डेटा वाचणारा भाग) आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. बारीक 'पीं-पीं' येत असेल तर मोटर फिरत नाहीये. करंट कमी असेल, किंवा हेड प्लेटला चिकटून बसलं असेल. चांगली केबल आणि चांगलं पोर्ट देऊनही यांपैकी काही ऐकू आलं, तर त्याच क्षणी केबल काढा आणि पुन्हा लावू नका. ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० फेरे मारते, आणि हेड प्लेटपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. बिघडलेलं हेड प्लेटला टेकलं तर डेटाचा थर खरवडून काढतं. तो थर गेला की कुठलीही लॅब तो परत आणू शकत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तो अजिबात करू नका, आत बाष्प धरतं. घरी झाकण उघडणं तर नकोच.

आवाज ठीक असेल तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'धिस पीसी'मध्ये न दिसणारी डिस्क इथे बऱ्याचदा दिसते. खालच्या भागात तुमची डिस्क शोधा. साधारण १८६३ जीबी दिसेल. विंडोज वेगळ्या हिशोबाने मोजतं म्हणून २ टीबीची डिस्क एवढीच दिसते, काही हरवलेलं नाही.

पट्टीवर एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडून ठेवायची पद्धत) आणि 'हेल्दी' लिहिलेलं आहे, फक्त ड्राइव्हचं अक्षर नाही, असं असेल तर राइट क्लिक करून अक्षर द्या. काम झालं, लगेच कॉपी करायला घ्या.

'नो मीडिया' किंवा साइझ शून्य दिसली, तर कार्डाला डिस्क सापडत नाहीये. कार्ड गेलं असेल किंवा डिस्कच. काही कंपन्यांच्या डिस्क केसिंगमधून काढून दुसऱ्या कार्डाला लावता येतात, काहींमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या मूळ बोर्डावरच असतं आणि डेटाही त्याच बोर्डावर एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतो. हे ओळखायला अनुभव लागतो, दुकानात न्या.

'नॉट इनिशियलाइज्ड' असं दिसलं तर सोबत एक चौकट येते: एमबीआर की जीपीटी (पार्टिशनचा तक्ता लिहायच्या दोन पद्धती)? इथे बरेच जण साधा प्रश्न समजून ओके दाबतात. दाबू नका. त्याने पार्टिशनचा तक्ता नव्याने लिहिला जातो.

आणि पट्टीवर 'रॉ' असं लिहिलेलं असेल. मेहुण्यांकडे आलेल्या चौकटीवरून मला तुमच्याबाबतीत हेच वाटतंय. 'रॉ' म्हणजे विंडोजला जमीन दिसतेय, पण तिचा सात-बारा वाचता येत नाहीये. कुठली फाइल कुठे सुरू होते, कुठे संपते, नाव काय, तारीख काय, याची नोंद एनटीएफएस एका तक्त्यात ठेवतं. कॉपी चालू असताना लाइट गेली किंवा केबल ओढली गेली की तो तक्ता किंवा त्याच्याकडे नेणारा पहिला सेक्टर (डिस्कवरचा छोटासा कप्पा) बिघडतो. उतारा फाटला म्हणून जमीन कुठे जात नाही. तुमचे फोटो बहुधा होते तिथेच आहेत. फॉरमॅट दाबणं म्हणजे त्याच जमिनीवर कोरा उतारा लिहून घेणं. 'क्विक फॉरमॅट' झालं असेल तरी बरंच काही निघतं, पण पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं. मग काही उरत नाही.

इथे मला एक सांगायचंच आहे. २०११ मध्ये एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. डिस्क त्यांनी धुतलेल्या रुमालात बांधून आणली होती. सुट्ट्यांमध्ये खेडोपाडी फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. डिस्क 'रॉ' दाखवत होती. मी काही विचार न करता विंडोजमधली 'चेकडिस्क' लावली आणि बराच वेळ आकडा हलेना म्हणून रात्रभर तशीच चालू ठेवून घरी गेलो. सकाळी शटर उघडलं तर टकटक ऐकू येत होती. बाईंना तेव्हा माझं काय चुकलं तेही मला नीट सांगता आलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "त्यातल्या दोघी आता नाहीत हो."

चेकडिस्कचं काम तक्ता दुरुस्त करण्याचं आहे, डेटा वाचवण्याचं नाही. न जुळणाऱ्या नोंदी ती काढून टाकते किंवा 'फाउंड' नावाच्या फोल्डरात तुकडे करून ठेवते. आणि डिस्क आतून थकलेली असेल तर प्रत्येक खराब सेक्टर पुन्हापुन्हा वाचायला लावून तिला शेवटचा धक्का देते. म्हणून ज्या डिस्कची दुसरी कॉपी नाही तिच्यावर चेकडिस्क लावू नका. कुणी सांगितलं तरी नाही.

मग करायचं काय? आधी तब्येत बघा. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका (त्या डिस्कवर नाही) आणि तीन ओळी वाचा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे आधीच बदललेले खराब सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडकणारे, सी६ म्हणजे वाचता न आलेले. तिन्ही शून्य असतील तर बहुधा फक्त सात-बारा फाटलाय. सी५ मध्ये आकडा असेल तर डिस्क आतून जात चाललीय आणि प्रत्येक तास मोजून वापरायचा आहे.

दोन्ही बाबतींत पुढची पायरी एकच: डिस्कची इमेज काढणं, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी नक्कल. त्यासाठी २ टीबीपेक्षा मोठी नवी डिस्क लागेल. हा खर्च टाळू नका. लिनक्सवरचं (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टम) 'डीडीरेस्क्यू' यासाठी मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारा मागे ठेवतं, आणि कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये ठेवतं, म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. फक्त कुठली डिस्क 'कुठून' आणि कुठली 'कुठे' हे देताना उलटंपालटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर चढते. लिनक्स कधी वापरलं नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

इमेज हातात आली की मूळ डिस्क कपाटात ठेवा आणि जे प्रयोग करायचे ते नकलेवर करा. 'टेस्टडिस्क' हे फुकट साधन बऱ्याचदा तिथल्या तिथे काम करतं, कारण एनटीएफएस आपल्या पहिल्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी जपून ठेवतं. ती प्रत शाबूत असेल तर सगळे फोल्डर नावांसकट परत उभे राहतात. ते जमलं नाही तर 'फोटोरेक'. ते फोटो शोधून काढतं, पण फाइलची नावं आणि फोल्डर जातात. १२ वर्षांचे फोटो एकत्र ढिगात मिळतील. तरी कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेली तारीख शाबूत असते, त्यावरून लावता येतात.

एक शंका आधीच दूर करतो. ही डिस्क कधी मॅकवर फॉरमॅट केली होती का? तसं असेल तर बहुधा विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते तुम्हाला फॉरमॅटच सुचवणार. बिघाड काहीच नसतो. मॅकला लावून बघा.

टकटक असेल आणि लॅबमध्ये द्यावी लागली, तर तीन गोष्टी लिहून घ्या: तपासणीचे पैसे किती, डेटा नाही निघाला तर किती, आणि पूर्ण पैसे घेण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का. डिस्क उघडायची असेल तर क्लीन रूम (धूळ नसलेली खास खोली) त्यांची स्वतःची आहे की पुढे कुणाकडे पाठवतात, हेही विचारा. आणि डिस्कबरोबर आजवर जे जे करून पाहिलं ते खरं सांगा. मेहुण्यांनी चुकून काही दाबलं असेल तर तेही.

आज एवढंच करा. नवी केबल, थेट पोर्ट, शांत खोलीत आवाज, आणि डिस्क मॅनेजमेंट. मग खाली कमेंटमध्ये लिहा: आवाज कसा आला, साइझ किती दिसली आणि पट्टीवर कुठला शब्द होता. मी दुकान बंद केल्यावर रात्री रोज इथे बघतो.